हातगुण आणि नंबर

आमच्या पेडण्यात एखाद्या डॉक्टरची चौकशी करायची झाली तर पहिला प्रश्न असतो तो हातगुणाचा. "त्याचा हातगुण बरा आहे ना?" एवढे विचारले की झाले. फलाण्याचा ताप दोन पुड्यांत उतरला, फलाणीचे बाळंतपण सुखरूप झाले, एवढ्या पुराव्यावर आम्ही आपला देह निर्धास्तपणे त्याच्या स्वाधीन करतो. पदवी कुठली, नोंदणी कुठे झाली, नंबर काय, हे कोणी विचारलेले मी तरी तुयेत ऐकले नव्हते. मीही कधी विचारले नव्हते. आणि मी कोण, तर बावीस वर्षे सरकारी कचेरीत आवक-जावकाची रजिस्टरे सांभाळणारा कारकून! एखाद्याच्या अर्जावर तारीख नसली तर त्याला दोन खेपा घालायला लावणारा माणूस दंड पुढे करताना मात्र काही विचारत नाही. गंमत आहे खरी.

ही गंमत माझ्या लक्षात आली ती भाचीच्या लग्नात.

ताईचे घर आमच्या घरापासून दोन वाड्यांवर. तिची मुलगी मोपाच्या विमानतळावर नोकरी करते. हुशार, बोलायला फटकळ, आणि रंगाने सावळी. सावळी म्हणजे आमच्या आईसारखी, आणि आमच्या आईला सगळा गाव देखणी म्हणायचा. पण साखरपुड्याच्या दिवशी वरपक्षाकडच्या कुणा लांबच्या बाईने "मुलगी गुणाची आहे, रंगाचे काय एवढे" असे म्हटले. तिने चांगल्या मनानेच म्हटले असावे. पण जे लागायचे ते लागले. लग्न मे महिन्यात होते. फेब्रुवारीत एका रविवारी भाची म्हणाली, "मामा, मला जरा मोरजीला सोड. तू गाडी घेऊन ये फक्त, आत यायची गरज नाही."

आत यायची गरज नाही म्हटल्यावर मी आत गेलो. तसा स्वभावच आहे.

किनाऱ्याच्या रस्त्यावरचे ते पार्लर. काचेचे दार, आत गार हवा, मंद वाजणारी सतार. नवरीसाठी पॅकेज होते: गोरेपणाच्या सलाईनच्या आठ बाटल्या आणि डोळ्यांखाली 'थोडेसे' फिलर. किंमत मी इथे लिहीत नाही, ताई वाचते. देणारी बाई निळ्या गणवेशात होती. तिला सगळे 'सिस्टर' म्हणत. आधी परराज्यातल्या मोठ्या इस्पितळात होती म्हणे, पर्यटनाच्या हंगामापुरती इथे यायची.

भिंतीवर फ्रेम केलेले एक सर्टिफिकेट होते. कारकुनाची नजर वेगळी असते. लोक मजकूर वाचतात, आम्ही आधी कडा वाचतो. क्रमांक, तारीख, सही, सहीखालचे नाव आणि हुद्दा, शिक्का. मजकूर शेवटी. त्या कागदाला सोनेरी वेलबुट्टी होती, गोल शिक्का होता, इंग्रजीत 'अ‍ॅडव्हान्स्ड' असा शब्द दोनदा होता. क्रमांक नव्हता. कोर्स तीन दिवसांचा. शिक्क्यात गावाचे नाव नव्हते, वेबसाईटचे होते. कुठल्याही नर्सिंग कौन्सिलचा उल्लेख नव्हता.

मी विचारले, "सिस्टर, तुमचा रजिस्ट्रेशन नंबर?"

"अंकल, सब सर्टिफाइड है," ती हसून म्हणाली. उद्धटपणे नाही, अगदी गोड. मग मी विचारले, इथे डॉक्टर कोण बसतात? डॉक्टर 'ऑन कॉल' होते. कोण, कुठले, ते काही कळले नाही. भाचीचा चेहरा लाल झाला होता. आम्ही बाहेर पडलो. परतीच्या रस्त्यावर ती एक शब्द बोलली नाही. तुयेच्या औद्योगिक वसाहतीपाशी पाळी सुटली होती, मुलांच्या दुचाकींनी रस्ता अडला होता, तेवढ्यात ती म्हणाली, "तुला सगळीकडे तुझी कचेरीच दिसते, मामा."

मला ते लागले. पण खोटे नव्हते.

पुढच्या आठवड्यात ती मैत्रिणीच्या स्कूटरवरून गेली. आम्हाला कोणाला पत्ता नव्हता. तिसऱ्या बाटलीनंतर त्याच रात्री डाव्या हाताची शीर दोरीसारखी ताठ झाली, कोपरापर्यंत लाल रेघ चढली, अंगावर पित्ताच्या गांध्या उठल्या आणि ताप भरला. ताईने दार ठोठावले तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते.

इस्पितळात ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होती. तिने हात पाहिला, रक्तदाब घेतला, आणि मग जे प्रश्न विचारले ते मी आजही विसरलो नाही. बाटलीत काय होते? किती मिलिग्रॅम? सोबत आणखी काही मिसळले होते का? कुठल्या कंपनीचे, कुठला बॅच नंबर? आधीच्या दोन वेळा किती दिले? सुई टोचणारी व्यक्ती कोण? भाचीकडे एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. तिच्याजवळ एक गुलाबी कार्ड होते, त्यावर आठ चौकोन आणि तीन चौकोनांत हृदयाची चित्रे. पार्लरला फोन केला तर सिस्टर 'गावाला गेली' होती.

डॉक्टर म्हणाली, "मग मी अंदाजाने उपचार करते आहे, एवढे ध्यानात ठेवा." तिने तसे केले आणि नीट केले. चार दिवस भाची तिथे होती.

त्या चार दिवसांत मला जे समजले ते थोडक्यात सांगतो. ज्या औषधाची बाटली तिला लावली होती असे पार्लरवाले म्हणत, ते ग्लुटाथायोन. आपल्या देशात या इंजेक्शनला मान्यता आहे ती यकृताच्या आजारांसाठी, कातडी उजळण्यासाठी नव्हे. फिलिपीन्समध्ये या गोरेपणाच्या सुयांचे मोठे वेड होते, तिथल्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच लोकांना सावध केले होते. फिलर तिने घेतले नव्हते, हे आमचे नशीब. कारण ते चुकून रक्तवाहिनीत गेले आणि रक्त अडले तर वरची कातडी मरते, क्वचित डोळाही जातो. अशा वेळी ठरावीक जातीचे फिलर विरघळवणारे औषध हाताशी लागते, ते देण्याचा अधिकार असलेला माणूस लागतो, आणि वेळ मिनिटांत मोजायची असते. 'ऑन कॉल' डॉक्टर पणजीहून येईपर्यंत काय होणार? सुरकुत्यांसाठी देतात ते बोटॉक्स म्हणजे तर मुळात विषच, अतिसूक्ष्म मात्रेत वापरलेले. ते फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावे लागते, सलाईनमध्ये मोजून मिसळावे लागते. अमेरिकेत २०२४ मध्ये अशा बोटॉक्सच्या सुयांनंतर ११ राज्यांतल्या २२ बायका आजारी पडल्याचे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने सांगितले. सुया टोचणारे परवाना नसलेले तरी होते किंवा ते घरात, स्पामध्ये टोचले होते. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक प्रकरण जाहीर केले: न्यू मेक्सिकोतल्या एका बिनपरवाना स्पामध्ये चेहऱ्याला रक्ताच्या सुया घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाली होती.

हे सगळे भाचीला मी सांगितले नाही. तापातल्या माणसाला काय सांगायचे?

पण वॉर्डमधल्या सिस्टरशी मी बोललो. आमच्याच तालुक्यातली, चाळिशीची बाई. रात्री दोन वाजता बाटली बदलताना ती नाव विचारायची, मग कागद बघायची, मग बाटली बघायची, मग पुन्हा कागद. मी विचारले, "सिस्टर, चार दिवस तीच मुलगी याच खाटेवर आहे, तरी नाव विचारता?" म्हणाली, "विचारायचेच असते." तिनेच मला समजावले. तीन वर्षांचा जी.एन.एम. किंवा चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग झाले की राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवावे लागते. मग नावापुढे आर.एन., आर.एम. लागते. नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. चूक केली तर तक्रार कौन्सिलकडे जाते आणि नाव काढून टाकता येते. आणि एवढे सगळे असूनही नर्स स्वतःच्या मनाने औषध ठरवत नाही, डॉक्टरने लिहून दिलेलेच देते. म्हणजे पार्लरात विचारायला हवे होते ते दोन नंबर: टोचणारीचा, आणि लिहून देणाऱ्याचा. मी एकच विचारला होता. तोही उशिरा.

"आणि त्या पार्लरातली?" मी विचारले.

"ती कदाचित खरीच नर्स असेल," सिस्टर म्हणाली. "पण नंबर सांगायला कोणाला लाज वाटते का? मला तर पाठ आहे." आणि तिने तो म्हणून दाखवला, शाळेतल्या मुलीसारखा.

नर्स हा शब्दच आपण फार स्वस्त केला आहे. खाजगी दवाखान्यात नाव पुकारणारी मुलगी, इंजेक्शन मारणारा कंपाउंडर, म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालणारी बाई, सगळ्यांना आपण सिस्टर म्हणतो. मानाने म्हणतो, ते ठीक. पण मानाचा शब्द आणि जबाबदारीचा शब्द एकच झाला की घोटाळा होतो. माझा एक आतेभाऊ इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. (गोंयकारांना रजिस्टराची महती मी काय सांगावी! आजोबांच्या जन्माची पोर्तुगीज काळातली एक नोंद सापडली म्हणून अर्धे कुटुंब स्विंडनला पोचले.) त्याला फोनवर ही हकिकत सांगितली तर म्हणाला, इथेही तेच आहे. 'रजिस्टर्ड नर्स' ही उपाधी तिथे कायद्याने राखीव, पण नुसते 'नर्स' म्हणवून घ्यायला कोणाला आडकाठी नव्हती. तो शब्दही राखून ठेवण्याचा कायदा करू, असे त्यांच्या सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. मात्र तिथे एक सोय चांगली. नर्सचे नाव किंवा पिन क्रमांक घातला की कौन्सिलची यादी कोणालाही घरबसल्या दिसते. आणि १ जून २०२५ पासून नियम असा की सौंदर्यासाठीच्या सुयांचे औषध लिहून देणाऱ्या नर्सने माणसाला समोरासमोर पाहिलेच पाहिजे, फोनवरून पाहून चालणार नाही. त्याची बायको कपाळाला बोटॉक्स घेते, हेही त्याच फोनवर कळले. वहिनी आधी पिन बघते म्हणे, मग अपॉइंटमेंट घेते.

आपल्याकडेही अगदीच अंधार आहे असे नाही. डॉक्टरांची नावे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या यादीत शोधता येतात. नोंदणीशिवाय डॉक्टरी केली तर २०१९ च्या कायद्याने एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२२ मध्ये याच आयोगाने केस रोपण आणि सौंदर्यशस्त्रक्रियांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांत स्पष्ट लिहिले की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. हे सरकारी कागदात लिहावे लागले, यावरून काय चालले असेल ते समजा! नर्सिंगसाठीही १९४७ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला. आणि नोंदणी आहे एवढ्यावर थांबूनही चालत नाही, कशाची आहे तेही बघावे लागते. मुंबईतल्या एका प्रकरणात होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टराने अ‍ॅलोपॅथीची औषधे दिली आणि रोगी दगावला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला की ज्या पद्धतीचे ज्ञान नाही त्या पद्धतीने उपचार करणारा त्या पद्धतीपुरता भोंदूच.

तसे गोव्याला हे नवे नाही. गोवा शहराच्या सिनेटने १६१८ साली ठराव केला होता की मुख्य वैद्याने, म्हणजे फिझिको-मोरने, परीक्षा घेतल्याशिवाय कोणी वैद्यकी करू नये, आणि हिंदू वैद्यांची संख्या तीसच्या वर जाऊ नये. यात लोकांच्या प्रकृतीची काळजी किती आणि धर्माचे राजकारण किती, ते सांगायला नको. विशेष असे की फिरंगी स्वतः आजारी पडले की आमच्याच वैद्यांना बोलावत. पेडणे तेव्हा त्यांच्या राज्यात नव्हते, ते १७८८ मध्ये गेले. तेव्हा आमच्या वैद्यांना फिझिको-मोर ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण यादी ही वस्तू अशी दुधारी असते, हे मात्र त्यातून दिसते. यादी करणारा आपल्या माणसांसाठीही ती करू शकतो.

आणि यादीत असलेले सगळे खरे असते असेही मी कोणत्या तोंडाने म्हणू? नोकरीच्या सुरुवातीला एका कचेरीत मी असताना रजिस्टरात मधले क्रमांक कोरे ठेवलेले पाहिले आहेत, मागाहून भरायला. वरिष्ठांनी सांगितले, "तू नवा आहेस." मी गप्प बसलो. नोंद असलेला माणूस निष्काळजी निघू शकतो, नोंद नसलेल्याचा हात हलका असू शकतो.

तरीही मला राहून राहून आठवते ती आजीची वयजीण. आमच्या आजीची पाचही बाळंतपणे घरात झाली, एकाच वयजिणीच्या हातून. तिला कोणी सर्टिफिकेट दिले नव्हते. पण कुणाचे मूल तिच्या हातून आले आणि कुणाचे गेले, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. तिचे घर ओहोळापलीकडे. काही बिनसले तर माणसे तिच्या दारात जाऊन उभी राहत. जत्रेला तीही त्याच देवळात यायची, त्याच बायकांत बसायची. हातगुण म्हणतात तो असा वर्षानुवर्षे मोजलेला असायचा, गाव विसरत नसे. मोरजीच्या त्या पार्लरात हातगुण कोणी मोजला? इन्स्टाग्रामवरच्या फोटोंनी. टोचणारी ऑक्टोबरात आली, मार्चात गेली. तिचा ओहोळ नाही, दार नाही, देऊळ नाही. असेल तर एक नंबर, आणि तोही नसला तर ती कोण होती हे सांगायला जगात काहीच उरत नाही.

मी तक्रार लिहिली. कारकुनी वळणाची, मुद्देसूद, सोबत गुलाबी कार्डाची झेरॉक्स. मग प्रश्न पडला, पाठवायची कुणाला? कौन्सिल नाव काढून टाकते ते यादीत असलेल्याचे. यादीतच नसेल तर काढणार कसे? मग पोलीस, आणि औषधाच्या बाटलीसाठी अन्न व औषध प्रशासन. दोन अर्ज टाईप केले. ताईने हात जोडले. "लग्न तोंडावर आहे. बायचे नाव पेपरात आले तर सासरचे काय म्हणतील?" मी वाद घातला. मग भाचीकडे पाहिले. ती खाली मान घालून गांध्या खाजवत बसली होती. अर्ज माझ्या कपाटात आहेत. मी कागद अडवून ठेवणाऱ्यांना आयुष्यभर नावे ठेवली, आणि हे दोन कागद मीच अडवले आहेत. याचे समाधान वाटते असे नाही.

आमच्या घराण्यात चुडा भरण्याचा मान मामाच्या घरचा. मे महिन्यात काकणकार आला, ओसरीवर बसला, उजवा हात भरला. डावा हात घेतल्यावर थांबला. सूज उतरली होती, पण शिरेवर काळपट वण होता आणि दाबले की दुखत होते. "हात कित्याक असो जालो गो?" त्याने विचारले. आत बायकांचा गलका थांबला. भाची म्हणाली, "पडले स्कूटरवरून." त्याने आणखी काही विचारले नाही. मोठ्या मापाच्या हिरव्या काकणांची चवड पिशवीतून काढली आणि एकेक काकण असे सरकवले की तिच्या डोळ्यांत पाणी आले नाही. याला मात्र मी हातगुणच म्हणेन.

आता ती डिचोलीला असते. परवा रात्री तिचा फोन आला. धाकटी नणंद ओठांना कसले तरी इंजेक्शन घेणार आहे, तेही क्लिनिकात, डॉक्टर आहे म्हणतात.

"मामा, नंबर कुठे बघायचा असतो?"

मी सांगितले. डॉक्टरचा कुठे, नर्सचा कुठे, कुठल्या राज्याच्या कौन्सिलचा ते आधी विचार, आणि औषधाच्या डबीचा फोटो काढून ठेव. ती लिहून घेत होती. मध्येच म्हणाली, "मी विचारायला लावले असे कुणाला सांगू नकोस हां." मग थोडा वेळ काही ऐकू आले नाही, आणि नंतर ती मोबाईलवर पाहून एकेक आकडा मोठ्याने वाचू लागली.